रुग्णाच्या उशाशी कोण बसणार?



अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुक्यांचा आणि १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराचा. अकोल्याच्या डोंगरातील आदिवासी पाड्यापासून जामखेडच्या कोरडवाहू शिवारापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात मोठे आजारपण आले की माणसाला गाव सोडावे लागते. कोणी नगरच्या जिल्हा रुग्णालयात येतो, कोणी लोणीला प्रवरेच्या रुग्णालयात जातो, कोणी शिर्डीला, कोणी थेट नाशिक-पुण्याला. गावात त्याला नाव असते, नाते असते, देवळातील भजनात ठरलेली जागा असते. रुग्णालयात शिरताच त्याला खाटेचा क्रमांक मिळतो.

त्या खाटेवर त्याच्या देहाची कसून तपासणी होते. रक्त तपासले जाते, क्ष-किरण काढले जातात, हृदयाचे आलेख घेतले जातात. ते आवश्यकच आहे आणि त्याबद्दल आधुनिक वैद्यकाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु रात्री दहानंतर कक्षातील दिवे मंद झाल्यावर त्याच रुग्णाच्या मनात जे उठते, त्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. हे माझ्याच वाट्याला का आले? माझ्यामागे लेकरांचे कोण बघणार? भावाशी वीस वर्षे अबोला आहे, तो आता भेटायला येईल का? यंदाची वारी चुकली, पुढची घडेल का? आणि सर्वांत शेवटी, ओठांवर न येणारा प्रश्न : मी मरणार आहे का?

या प्रश्नांना रक्ततपासणीत उत्तर नाही. ते केवळ मानसिक विकाराचेही प्रश्न नाहीत. जगण्याला असलेला अर्थ, श्रद्धेचा आधार, आप्तांशी असलेले नाते आणि मृत्यूसमोर उभ्या असलेल्या मनाची अवस्था, या सर्वांना मिळून रुग्णाचे आध्यात्मिक आरोग्य म्हणता येईल. ते सांभाळण्यासाठी आपल्या रुग्णालयांत कोण आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

लष्कराने ओळखलेली गरज

या प्रश्नाचे एक उत्तर याच नगर शहरात, भिंगारच्या छावणीत सापडते. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर या दोन मोठ्या लष्करी संस्थांमुळे नगरचे नाव देशभरातील जवानांना परिचित आहे. भारतीय लष्करात ‘धर्मगुरू’ नावाचे एक अधिकृत पद आहे. नायब सुभेदार या हुद्द्यावर त्याची नेमणूक होते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्षू असे त्या-त्या पंथाचे धर्मगुरू लष्करात भरती केले जातात. त्यांच्याकडे पदवीचे शिक्षण आणि आपल्या धर्मशास्त्राचे ज्ञान असावे लागते.

या धर्मगुरूचे काम केवळ मंदिरातील आरतीपुरते असावे, असा सर्वसाधारण समज असतो. लष्कराने ठरवून दिलेली त्याची कर्तव्ये पाहिली की हा समज दूर होतो. रुग्णालयातील आजारी जवानांची सेवा करणे, बऱ्या होत असलेल्या जवानांसोबत प्रार्थना करणे, शिक्षा भोगत असलेल्या जवानांची भेट घेणे आणि अंत्यसंस्कारांना उपस्थित राहणे, ही कामे त्याच्या कर्तव्यांत स्पष्टपणे नमूद आहेत. पाश्चात्त्य रुग्णालयांत ज्याला ‘चॅप्लेन’ म्हणतात, त्याचेच हे भारतीय रूप आहे. आणखी एक बाब महत्त्वाची. या सर्व पंथांच्या धर्मगुरूंचे प्रशिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. पंडित आणि मौलवी, ग्रंथी आणि पाद्री एकाच छताखाली शिकतात, कारण त्यांच्या पलटणीतील जवान एकाच खंदकात लढणार असतात.

लष्करासारख्या काटेकोर संस्थेने हे पद भावनेपोटी निर्माण केलेले नाही. जखमी जवानाच्या मनाचा धीर ही युद्धसज्जतेची बाब आहे, हे ओळखून ते निर्माण झाले आहे. मग साहजिकच प्रश्न उभा राहतो. छावणीच्या हद्दीत जखमी जवानाच्या खाटेजवळ जाण्याचे कर्तव्य ज्याच्यावर सोपवलेले आहे, असा एक माणूस आहे. त्याच शहरातील नागरी रुग्णालयात, त्या जवानाचा शेतकरी बाप दाखल झाला, तर त्याच्यासाठी असा माणूस कोठे आहे? ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा आपण मोठ्या अभिमानाने देतो. जवानाला जे मिळते ते किसानाला का मिळू नये?

चरकाचार्यांचे रुग्णगृह

ही कल्पना परकी आहे, असे कोणाला वाटत असेल, तर त्याने चरकसंहितेचे सूत्रस्थान उघडून पाहावे. त्याच्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृह कसे असावे याचे वर्णन आहे. वास्तू भक्कम असावी, तीत हवा खेळती असावी परंतु सोसाट्याचा वारा थेट येऊ नये, धूर आणि धूळ नसावी, पाणी, स्वयंपाकघर, स्नानगृह आणि शौचकूप यांची सोय असावी, हे सर्व सांगून झाल्यावर चरकाचार्य माणसांकडे वळतात. औषध कुटणारे, अन्न शिजवणारे, रुग्णाला उठवणारे-बसवणारे परिचारक तर हवेतच. त्याशिवाय गायन-वादन जाणणारे, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे सांगण्यात कुशल असणारे लोकही रुग्णाजवळ असावेत, असे ते सांगतात.

अशा लोकांची जी लक्षणे तेथे दिली आहेत, ती आजच्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गाच्या भिंतीवर लिहावीत अशी आहेत. ते दुसऱ्याच्या मनातील भाव ओळखणारे असावेत, रुग्णाला मान्य असलेले असावेत आणि त्यांना देशकालाचे भान असावे. म्हणजे कोणीही उठावे आणि आजाऱ्याच्या कानाशी टाळ कुटावेत, हे चरकाचार्यांना अभिप्रेत नाही. रुग्णाची संमती ही अट त्यांनी त्या काळी घातली होती.

चरकसंहितेने चिकित्सेचे तीन प्रकार मानले आहेत. दैवव्यपाश्रय चिकित्सेत मंत्र, होम, उपवास, प्रणिपात येतात. युक्तिव्यपाश्रय चिकित्सेत आहार आणि औषध येते. तिसरी सत्त्वावजय चिकित्सा, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरून धरणे. तिन्हींना एका शास्त्रात स्थान देणाऱ्या या परंपरेने एकासाठी दुसरी सोडा असे सांगितले नाही. परिचारकाच्या चार गुणांतही शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या बरोबरीने रुग्णाविषयीचा अनुराग सांगितला आहे. अनुराग म्हणजे नुसते कर्तव्य नव्हे, आपलेपणा.

मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पंधराव्या अध्यायातील हे सर्व वैभव राजा, राजतुल्य पुरुष आणि धनवंत यांच्यासाठी सांगितलेले आहे. गरिबाने आपल्या ऐपतीप्रमाणे करावे, असाच तेथील आशय आहे. म्हणून प्राचीन वैभवाचा केवळ गौरव करून भागणार नाही. जे एकेकाळी राजवाड्यापुरते होते, ते जिल्हा रुग्णालयातील सामान्य कक्षाच्या शेवटच्या खाटेपर्यंत नेणे, हे आजच्या पिढीचे काम आहे.

जिल्ह्याच्या मातीतील वारसा

ते नेण्याची शिदोरी याच जिल्ह्यात आहे. प्रवरेच्या काठी नेवाशाला इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती ज्याने लिहून घेतली त्या सच्चिदानंद बाबांची कथा या भागात घरोघरी माहीत आहे. परंपरा सांगते की ज्ञानदेव नेवाशास आले तेव्हा सच्चिदानंद बाबांचा देह चितेकडे निघाला होता आणि त्यांची पत्नी सती जाण्याच्या तयारीत होती. ज्ञानदेव त्या शोकाकुल स्त्रीसमोर थांबले आणि सच्चिदानंद बाबा पुन्हा उठले. या कथेतील चमत्काराविषयी ज्याची-त्याची श्रद्धा. परंतु क्रम पाहण्यासारखा आहे. लोकस्मृतीने ग्रंथनिर्मितीच्या आधी एका दुःखिताची विचारपूस ठेवली आहे.

ज्या गीतेवर ती टीका रचली गेली, तिची रचनाही हेच शिकवते. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. हात कापणारा, तोंड कोरडे पडलेला, धनुष्य खाली ठेवलेला अर्जुन बोलतो आहे आणि भगवंत ऐकत आहेत. कौरवांकडे पाहा, एवढे एकच वाक्य त्यांच्या मुखी आहे. संपूर्ण विषाद ऐकून झाल्याशिवाय उपदेश सुरू होत नाही. शिवाय तो विषादही ‘योग’ म्हणून मान्य झाला आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसू इच्छिणाऱ्याने गीतेतील कोणता श्लोक म्हणावा याचा विचार नंतर करावा. आधी पहिल्या अध्यायातील श्रीकृष्णाचे मौन आत्मसात करावे.

शिर्डीच्या साईबाबांच्या चरित्रात १९१० सालचा एक प्रसंग आहे. धुनीत हात घातल्याने बाबांचा हात भाजला. नानासाहेब चांदोरकरांनी मुंबईहून डॉक्टर परमानंद यांना आणले. बाबांनी त्यांच्याकडून उपचार करून घेतले नाहीत. हाताला तूप लावून पट्टी बांधण्याची सेवा रोज केली ती भागोजी शिंदे यांनी, आणि भागोजी स्वतः कुष्ठरोगी होते. ज्या काळात कुष्ठरोग्याची सावलीही टाळली जात असे, त्या काळात एका संताने आपला जखमी हात त्याच्या हाती दिला. यातून उपचार नाकारावेत असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ वेगळा आहे. आजार माणसाकडून सर्वांत आधी हिरावून घेतो ती उपयुक्ततेची भावना. आपण आता केवळ ओझे आहोत, हे शल्य रोगापेक्षा खोल जाते. भागोजींना भिक्षा देणारे पुष्कळ भेटले असतील. तुझ्या सेवेची मला गरज आहे, असे सांगणारे साईबाबा एकटेच होते.

नगरजवळच्या अरणगावी मेहेरबाबांनी मेहेराबाद वसवले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन पाळले, ते अखेरपर्यंत. १९३६ साली त्यांनी राहुरी येथे वेड्या समजल्या गेलेल्या माणसांसाठी आश्रम काढला. त्या माणसांना ते स्वतः स्नान घालीत, भरवीत. एक शब्दही न उच्चारता ही सेवा चालत असे.

ही परंपरा आजही खंडित झालेली नाही. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या स्मरणार्थ नगरला जैन समाजाने उभे केलेले रुग्णालय सर्व जातीधर्मांच्या रुग्णांची सेवा करीत आहे. १९८९ पासून काम करणाऱ्या स्नेहालयाने एचआयव्हीबाधित महिला व बालकांना आधार दिला. शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दाम्पत्याने ‘माउली’च्या रूपाने रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण महिलांना घर दिले. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या, बहुधा निरक्षर, महिलांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. चार भिन्न वाटांनी आलेली ही माणसे एकच गोष्ट सिद्ध करतात : प्रशिक्षण आणि आपलेपणा एकत्र आले, तर सामान्य माणूस असामान्य सेवा करू शकतो.

पाश्चात्त्यांनी काय केले?

पश्चिमेत या सेवेला शास्त्राचे रूप कसे आले, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत अंतोन बॉइसेन नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांना स्वतःला तीव्र मनोविकार झाला आणि मनोरुग्णालयात राहावे लागले. बरे झाल्यावर त्यांनी १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रशिक्षण वर्ग घेतला. ग्रंथ वाचून झाले, आता ही जिवंत माणसे वाचा, हा त्यांचा आग्रह होता. त्यातून रुग्णालयीन प्रशिक्षणाची एक संपूर्ण पद्धती उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासूनच तिच्या रुग्णालयांत चॅप्लेन आहेत.

१९६७ साली डॉ. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चौपदरी असते, हा त्यांचा सिद्धान्त आज जगभर मान्य झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली वेदनाशामक सेवेची जी व्याख्या केली, तीत आध्यात्मिक वेदनेचा स्पष्ट उल्लेख आहे. भारतात १९८६ साली मुंबईत ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले आणि २०१२ साली केंद्र शासनाने वेदनाशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला.

आज ब्रिटन व अमेरिकेतील काही रुग्णालयांत हिंदू चॅप्लेनही काम करतात. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील आजोबा तेथे रुग्णालयात दाखल झाले, तर त्यांना तुम्ही कोणत्या श्रद्धेचे, तुमच्यासाठी कोणाला बोलवायचे आहे का, असे विचारले जाऊ शकते. त्यांचे धाकटे बंधू पाथर्डीत किंवा श्रीगोंद्यात आजारी पडले, तर हा प्रश्न त्यांना विचारणारे कोणी नसते. पसायदानाच्या भूमीत ही स्थिती असावी, हे विचार करायला लावणारे आहे.

ज्या दिवसांत कोणीच नव्हते

आपल्याकडे नातेवाईक असतात, मग वेगळा माणूस कशाला, असा आक्षेप घेतला जातो. एरवी त्यात तथ्य आहे. आपल्या रुग्णालयांच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेले आप्त हे आपल्या कुटुंबव्यवस्थेचे बळ आहे. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी हे बळ एका फटक्यात हिरावून घेतले. करोनाच्या कक्षात आप्तांना प्रवेश नव्हता. पांढऱ्या पोशाखात डोळ्यांशिवाय काहीच न दिसणारी माणसे भोवती, आणि घरच्यांचा आवाज भ्रमणध्वनीवर, तोही श्वास पुरेल तेवढाच. कित्येकांच्या मुखात अखेरचे पाणी पडले नाही. कित्येक मुलांना वडिलांचे मुख दिसले नाही.

त्याच काळात, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि ११ रुग्णांचा अंत झाला. ओवाळणीचे तबक तयार असलेल्या घरांत ती वार्ता पोहोचली. अशा वेळी चौकशी होते, मदत जाहीर होते, वृत्तपत्रांत मथळे येतात, आणि ते सर्व झालेच पाहिजे. परंतु त्या रात्री, त्या घरांत जाऊन बसण्याचे काम कोणाचे? ज्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या मनाची विचारपूस कोणाच्या कर्तव्यपत्रकात लिहिलेली आहे? ज्याचे उत्तर ‘सर्वांचे’ असे असते, ते काम बहुधा कोणाचेच राहत नाही.

महामारी गेली, परंतु एकाकी रुग्ण गेले नाहीत. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेले वृद्ध आहेत. टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुले आहेत. आणि अतिदक्षता कक्षात विषप्राशन करून आलेला शेतकरी आहे. डॉक्टर दिवसरात्र एक करून त्याला वाचवतात. परंतु शुद्धीवर आल्यावर तो पाहतो, तर कर्ज तेवढेच आहे, पीक गेलेलेच आहे, आणि भरीला गावात तोंड कसे दाखवायचे ही लाज आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस गुन्हेगार नव्हे तर तीव्र तणावाखाली असलेला मानून त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. त्याला मनोविकारतज्ज्ञाचे उपचार मिळालेच पाहिजेत. पण त्याबरोबर त्याला असा एक माणूस हवा, जो त्याला दोष देणार नाही, कर्जाचा आकडा विचारणार नाही, आणि उद्या पुन्हा येतो म्हणून खरोखर येईल.

काय करू नये, काय करावे

या कामात उतरू इच्छिणाऱ्यांनी आधी काय करू नये हे समजून घेतले पाहिजे, कारण येथे चांगल्या हेतूनेही मोठी इजा होऊ शकते.

पहिली गोष्ट, रुग्णाला त्याच्या पूर्वकर्माचा हिशेब सांगू नये. ‘भोग आहेत, भोगून संपवावे लागतात’ हे वाक्य आपल्याकडे सांत्वन म्हणून सर्रास उच्चारले जाते. कर्करोगाने तळमळणाऱ्या तरुण आईच्या कानात ते शिक्षेसारखे उतरते. कर्मसिद्धान्त हा स्वतःच्या आचरणाला वळण लावण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या वेदनेवर निकाल देण्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट, रोग बरा होईल असे आश्वासन देऊ नये. अंगारा, दोरा, मंत्र यांच्या बळावर औषध सोडायला लावणे हे अध्यात्म नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची कक्षा तेथे सुरू होते आणि ती असलीच पाहिजे. रुग्णाने स्वतःच्या श्रद्धेने कपाळी विभूती लावली, उशाशी ज्ञानेश्वरी ठेवली, तर त्याचा मान राखावा. परंतु औषधाची वेळ चुकू देऊ नये. मधुमेही आजी एकादशीचा हट्ट धरतात, तेव्हा त्यांना रागावण्याऐवजी आजारी माणसाला धर्मशास्त्राने उपवासातून सवलत दिली आहे हे प्रेमाने पटवून देणारा माणूस डॉक्टरांचाही मित्र ठरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. रुग्णशय्या ही प्रचाराची जागा नव्हे. या जिल्ह्यात मिशनरी रुग्णालयांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली; करोनाच्या काळात नगरच्या बूथ रुग्णालयाने केलेल्या सेवेची सर्व समाजाने कृतज्ञतेने नोंद घेतली. सेवा आणि धर्मप्रचार यांची सीमारेषा कोठे असावी, हा आपल्या समाजात दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. असहाय माणसाच्या श्रद्धेला हात लावू नये, अशी अपेक्षा आपण इतरांकडून करतो. तोच नियम आपल्याकडून गेलेल्या सेवकालाही तंतोतंत लागू झाला पाहिजे. मुस्लीम रुग्णाला कलमा ऐकायचा असेल तर मौलवींना निरोप द्यावा, ख्रिस्ती रुग्णाला प्रार्थना हवी असेल तर पाद्रींना बोलवावे, बौद्ध रुग्णाला त्रिशरण, जैन रुग्णाला नवकार मंत्र ऐकवण्याची व्यवस्था करावी. ज्याचा कशावरच विश्वास नाही, त्याच्याजवळ नुसते बसावे. लष्करातील धर्मगुरू हेच करतात आणि त्यात कोणाच्याही निष्ठेला बाधा येत नाही.

आता करावयाच्या गोष्टी. जिल्ह्यात गावोगाव भजनी मंडळे आहेत, कीर्तनकार आहेत, निवृत्त शिक्षक आणि परिचारिका आहेत. त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तीनाथांची पालखी याच जिल्ह्यातून जाते, तेव्हा वारकऱ्यांचे पाय चेपणारे हजारो हात दिसतात. त्या हातांपैकी निवडक हातांना वर्षभराचे काम देता येईल. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या तरुणांना काही काळ रुग्णालयात सेवेची संधी मिळाली, तर त्यांच्या कीर्तनालाही वेगळी धार येईल.

प्रारंभ लहान असावा. एक रुग्णालय, एक कक्ष, चार-पाच सेवक, आठवड्यातून ठरलेले दोन दिवस. डॉक्टरांची परवानगी आणि रुग्णाची संमती ही पहिली अट. संसर्ग कसा टाळावा, रुग्णाची माहिती गुप्त कशी ठेवावी, कोणत्या लक्षणांवर तत्काळ डॉक्टरांना किंवा मनोविकारतज्ज्ञाला कळवावे, याचे रीतसर प्रशिक्षण असावे. सेवकाने पैसे, वस्तू, अगदी प्रसादही घेऊ नये. भेटीचा वेळ कमी असला तरी चालेल, पण दिलेला शब्द पाळला जावा. रुग्णालयात जेथे शक्य असेल तेथे एक शांत खोली असावी, जेथे नातेवाईकांना रडता येईल आणि डॉक्टरांना वाईट बातमी व्हरांड्यात उभ्याने सांगावी लागणार नाही.

संघटित रुग्णसेवेचा अनुभव समाजाला नवा नाही. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना निवारा देत आहे. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून सेवाभावी वैद्यकाचा आदर्श ठरले आहे. अन्न, निवास, औषध, रक्त या गरजांसाठी समाज उभा राहिला. आता त्यापुढची पायरी चढायची आहे. ती कमी खर्चाची आहे, पण अधिक अवघड आहे, कारण तीत द्यावयाची वस्तू म्हणजे स्वतःचा वेळ आणि स्वतःची शांतता.

समारोप

बंधु-भगिनींनो, या जिल्ह्याला आता ज्यांचे नाव लाभले आहे, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. पती, श्वशुर आणि पुत्र यांचे मृत्यू त्यांनी अवघ्या तेरा वर्षांत पाहिले. त्यानंतर त्यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. ज्या प्रवाशाला त्या कधी भेटणार नव्हत्या, त्याची तहान आणि थकवा त्यांनी आधीच ओळखून ठेवला होता.

आजचा सर्वांत थकलेला प्रवासी रुग्णालयाच्या खाटेवर आहे. त्याच्यासाठी इमारती आहेत, यंत्रे आहेत, औषधे आहेत, आणि ती वाढलीच पाहिजेत. त्याच्या उशाशी मात्र एक जागा रिकामी आहे. ती भरण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या एकादशीला प्रत्येक भजनी मंडळाने आपल्यातील दोन समंजस माणसे निवडावीत, जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरांना भेटावे आणि एवढेच विचारावे : आपल्या कक्षात असा कोणी रुग्ण आहे का, ज्याला भेटायला कोणीच येत नाही?